ओळंबा धरून पाहिलेली मुंबई

प्रजासत्ताक दिन यंदा सोमवारी आल्यामुळे शनिवार-रविवार धरून सलग तीन दिवसांची सुट्टी मिळाली. एवढी सुट्टी हाती आली की डोंबिवलीतली निम्मी कुटुंबे कोकणाची वाट धरतात, आणि आमच्याकडेही तोच बेत शिजत होता. परंतु आठवीत शिकणाऱ्या आमच्या ईराला एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेनंतर इमारती रेखाटण्याचा नाद लागला आहे. एके रात्री जेवताना तिने मला विचारले, "आई, तू रोज व्हीटीला उतरतेस ना, मग तिथल्या खांबांवर कोणकोणते प्राणी कोरलेत?" मला एकाही प्राण्याचे नाव सांगता आले नाही. फोर्टातल्या कचेरीत सोळा वर्षे नोकरी करताना मी त्या इमारतीखालून हजारो वेळा गेले होते, पण माझी नजर कायम इंडिकेटरवर किंवा पुढच्या माणसाच्या पाठीवर असायची. त्या रात्रीच ठरले की कोकण पुन्हा केव्हातरी. हे तीन दिवस कॅमेरा घेऊन मुंबईच्या इमारती पाहायच्या.

आम्ही चौघे होतो: मी, माझे यजमान सुहास, ईरा आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी आणि सुहास बाबा म्हणतो. त्यांची सारी हयात बांधकामावर ओव्हरसियर म्हणून गेली आणि आज शहात्तराव्या वर्षीही भिंतीवरून हात फिरवल्याशिवाय ते तिच्याविषयी मत देत नाहीत. कॅमेरा माझा, दहा वर्षांपूर्वीचा. त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स आणि भावाकडून मागून आणलेली ५५-२५० ची लांब पल्ल्याची लेन्स. ईराकडे मोबाइल आणि तिची चित्रवही. मुक्काम गिरगावात, सुहासच्या आत्यांकडे, म्हणजे सकाळच्या कोवळ्या उन्हासाठी रोज डोंबिवलीहून धावपळ करावी लागणार नाही.

कार्यक्रम आखताना आम्ही इमारतींची यादी आधी केली नाही, तर कोणती इमारत कोणत्या दिशेला तोंड करून उभी आहे ते नकाशावर आधी पाहिले. हे सुचवले बाबांनीच. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या इमारती पूर्वाभिमुख, म्हणून त्या सकाळी. पूर्वेकडचा राजाबाई टॉवर पश्चिमाभिमुख, म्हणून तो दुपारनंतर. गेटवे समुद्राकडे म्हणजे पूर्वेकडे पाहतो, म्हणून तो सूर्योदयाला. व्हीटीचे दर्शनी अंग पश्चिमेला, म्हणून ते संध्याकाळी. एवढे एक कोष्टक मांडले आणि तीन दिवस आपोआप भरले.

पहिला दिवस : शनिवार

पहाटेच्या जलद लोकलने निघालो आणि सातच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. (नाव १९९६ साली बदलले, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' जोडले गेले, तरी आमच्या घरात बोलताना अजून व्हीटीच येते.) कोष्टकाप्रमाणे व्हीटीकडे पाठ करून समोरच्या महानगरपालिकेच्या इमारतीपुढे उभे राहायचे होते. सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवला, पण पूर्वेला व्हीटीचीच भिंत असल्याने पालिकेची इमारत बराच वेळ सावलीत राहिली. मग ऊन प्रथम तिच्या २३५ फूट उंचीच्या घुमटावर पडले आणि हळूहळू खाली उतरू लागले. घुमट, त्याखालचे छोटे मनोरे, मग खिडक्यांच्या कमानी, मग पंख पसरलेली स्त्रीमूर्ती, असे एकेक अंग उजळत गेले. ईराने दर पाच मिनिटांनी त्याच जागेवरून एक फोटो घेतला आणि नंतर ते ओळीने पाहताना कुणीतरी वरून सोनेरी पाणी ओतत आणल्यासारखे दिसले.

समोरासमोरच्या या दोन्ही इमारतींचे वास्तुविशारद एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. व्हीटी १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षांत पुरी झाली, तर पालिकेची इमारत १८९३ मध्ये. मधल्या काळात त्यांचा हात कसा बदलला ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिल्यावर कळते: व्हीटीत गॉथिक धाटणी, म्हणजे टोकदार कमानींची आणि उंच मनोऱ्यांची जुनी युरोपी शैली, ठळक आहे, तर पालिकेच्या इमारतीत तीच धाटणी घुमटांच्या गोलाईपाशी येऊन हिंदुस्थानी वळण घेते. मला दुसरी अधिक आवडली. ती उंच असूनही दडपण आणत नाही, आणि निमुळत्या कोपऱ्याच्या जागेत उभी असल्यामुळे दोन्ही रस्त्यांना सारखीच आपली वाटते.

तेथून दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून चालत हुतात्मा चौकात आलो. १८६४ चे फ्लोरा फाउंटन पोर्टलंडच्या दगडाचे आहे, म्हणजे तो दगडही विलायतेहून आला. त्याच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक म्हणून. दोन्ही एकाच चौकटीत बसवायचा मी बराच प्रयत्न केला, पण मध्ये खांब आणि तारा येत होत्या. बाबा मात्र तेवढ्यात पुढे महात्मा गांधी मार्गावर जाऊन न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीसमोर थांबले होते.

ही इमारत मी रोज ओलांडते, आणि तिच्या दर्शनी भिंतीवर मजलेच्या मजले उंच मानवी आकृती आहेत हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हते. १९३० च्या दशकातली ही इमारत मास्टर, साठे आणि भुता या हिंदुस्थानी वास्तुविशारदांच्या संस्थेची, आणि तिच्यावरचे शिल्पकाम ना. ग. पानसरे यांचे. शेतकरी, कुंभार, सूत कातणारी बाई, असे रोजच्या कष्टाचे लोक तिच्या उठावशिल्पांत आहेत. लांब लेन्स लावून मी एका बाईचा हात जवळ आणला. बोटे लांबट, निमुळती. मनगटाजवळ लुगड्याच्या पदराची एक घडी, आणि त्या घडीच्या खोबणीत काळी पुटे साचल्यामुळे ती अधिकच खोल दिसत होती. विमा कंपनीच्या दारावर राजे, सिंह किंवा देवता न बसवता कातकाम करणारी बाई बसवावी, हा विचार ज्यांनी केला त्यांच्याविषयी मला फार आदर वाटला.

ओव्हलला पोहोचेतो नऊ वाजत आले होते आणि मैदानावर एकाच वेळी दहा-बारा डाव रंगले होते. पश्चिमेच्या इमारती आर्ट डेको शैलीच्या, म्हणजे साध्या रेषांच्या आणि गोलसर कोपऱ्यांच्या, बॅक बे उपसागरात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या. एका मैदानाच्या दोन काठांवर असे दोन काळ समोरासमोर उभे आहेत: पूर्वेला एकोणिसाव्या शतकातले घडीव दगडाचे गॉथिक, पश्चिमेला विसाव्या शतकातले सिमेंट-काँक्रीटचे डेको. युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत या दोहोंना मिळून एकच स्थान दिले आणि त्यात ९४ इमारती मोजल्या.

खिडक्यांवरून भिंतीला बिलगून जाणाऱ्या आडव्या छज्जांना इंग्रजीत भुवया म्हणतात हे ईराने कुठेतरी वाचले होते, आणि बाबांना तो शब्द एकदम पटला. "भुवई घाम डोळ्यांत उतरू देत नाही, हे छज्जे पाऊस खिडकीत उतरू देत नाहीत. शोभा नंतरची," असे ते म्हणाले. मग त्यांनी तिला काँक्रीटमुळे हे कसे जमले ते समजावले: दगडाच्या भिंतीतून असा पातळ छज्जा बाहेर काढायचा तर खाली तोडे द्यावे लागतात, सळई घातलेले काँक्रीट मात्र स्वतःचा भार स्वतःच पेलते, आणि म्हणूनच कोपरे गोल करणे, जहाजाच्या डेकसारख्या गॅलऱ्या काढणे या पिढीला शक्य झाले. ईराने इमारतींच्या नावांच्या पाट्यांचे फोटो काढले. राजाब महल, एम्प्रेस कोर्ट, शिवशांती भुवन. त्या अक्षरांचे वळणही इमारतींसारखेच आहे, उभ्या रेघा लांब आणि कोपरे गोलसर. टोकाला इरॉस चित्रपटगृह, १९३८ चे, लाल दगडाचे आणि पिवळसर रंगाचे. त्याचा चढत्या पायऱ्यांसारखा मनोरा उन्हात अगदी धारदार दिसत होता.

दुपारचे ऊन फोटोंना निरुपयोगी असते, म्हणून जेवून आम्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या या इमारतीची कोनशिला १९०५ मध्ये बसली, १९१४ मध्ये ती पुरी झाली, परंतु पहिल्या महायुद्धात तेथे लष्करी रुग्णालय असल्यामुळे लोकांसाठी ती १९२२ मध्ये उघडली. घुमटाची प्रेरणा विजापूरच्या गोलघुमटाची. बाहेरच्या भिंतीपाशी बाबांनी ईराचा हात धरून दोन दगडांवर ठेवला, एक निळसर करडा आणि एक पिवळसर, आणि सांगितले की पहिला कुर्ल्याचा बेसॉल्ट आणि दुसरा मालाडचा ट्रॅकाइट. ईरा आश्चर्याने म्हणाली, "कुर्ला म्हणजे आपलं कुर्ला?" आज कुर्ला आणि मालाड ही आपल्याला गर्दीच्या स्टेशनांची नावे वाटतात, पण या शहराच्या दर्शनी इमारती जिच्यातून उभ्या राहिल्या ती दगडाची खाण याच उपनगरांत होती. त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत ईरा प्रत्येक भिंतीपुढे "कुर्ला की मालाड?" असे विचारत राहिली.

चार वाजता पुन्हा ओव्हलवर आलो, आणि दिवसातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग येथे घडला. राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. मी मैदानाच्या पूर्व कडेला, त्याच्या शक्य तितक्या जवळ जाऊन, कॅमेरा वर उचलून पंधरा-वीस फोटो काढले. पडद्यावर पाहिले तर प्रत्येकात मनोरा मागे रेलून बसल्यासारखा, आणि दोन्ही बाजूंच्या रेषा वर एकमेकींकडे झुकलेल्या. मी लेन्स बदलली, जागा बदलली, पण काही फरक पडेना. बाबा शांतपणे पाहत होते. त्यांनी खिशातून घराच्या किल्लीचा जुडगा काढला, आत्यांसाठी नेत असलेल्या पुड्याचा दोरा सोडवून त्याला बांधला, आणि हात लांब करून माझ्या डोळ्यांसमोर तो ओळंबा सोडला, गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला सोडतो तसा. किल्ल्या दोन-चारदा हेलकावून स्थिर झाल्या. "मनोरा ओळंब्यात आहे. दीडशे वर्षांत सूतभर हललेला नाही. कललाय तो तुझा कॅमेरा," असे ते म्हणाले.

ही गोष्ट फोटोग्राफीच्या पुस्तकात मी वाचलेली होती, पण दोऱ्याच्या रेषेला लागून मनोऱ्याची कड पाहिली तेव्हा ती खऱ्या अर्थाने कळली. कॅमेऱ्याची पाठ भिंतीला समांतर असेल तरच भिंतीच्या रेषा सरळ येतात. उंच इमारतीसाठी कॅमेरा वर वळवण्याऐवजी आपण मागे जावे लागते. मग मी ओव्हलच्या मधली पायवाट ओलांडून थेट पश्चिमेच्या कठड्यापर्यंत मागे गेले, कॅमेरा उभा धरला, क्षितिज चौकटीच्या मधोमध ठेवले आणि खालचे मैदान निम्म्या चौकटीत येऊ दिले. ते नंतर कापता येते. आता मनोरा सरळ उभा राहिला. पाच वाजल्यानंतरच्या उन्हात कुर्ल्याच्या दगडाला जो मधासारखा रंग चढतो, तो त्या चौकटीत जसाच्या तसा आला.

याच मनोऱ्यासाठी आणलेल्या लांब लेन्सचे काम त्यानंतरचे. विद्यापीठाच्या या इमारतींचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून काढला. मुंबईत ते कधीच आले नाहीत. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या, राजाबाईंच्या, नावाने दिलेल्या दोन लाख रुपयांतून मनोरा १८६९ ते १८७८ या काळात बांधला गेला. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत, आणि त्यांचे नमुने घडवले ते सरकारी साहाय्यक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ज्या माणसाने हे शहर पाहिलेच नाही त्याच्या कागदावर या शहरातल्या माणसांचे चेहरे बसवणारा हा मराठी अभियंता मला त्या संध्याकाळी फार मोठा वाटला. पुतळे पोरबंदरच्या दगडाचे, इतक्या उंचावर की खालून ते नक्षीचाच भाग वाटतात. २५० च्या लेन्समधून मात्र पगडीचे पेच दिसतात, खांद्यावरचे उपरणे दिसते, एकाच्या हनुवटीखालची सावली दिसते. मावळतीपर्यंत आम्ही अकरा पुतळे स्पष्ट टिपले. उरलेले मनोऱ्याच्या इतर बाजूंना होते, तेथे ऊन पोहोचत नव्हते.

शेजारच्या उच्च न्यायालयाच्या शिखरावरील न्याय आणि दया यांच्या मूर्तीही मैदानातूनच घेतल्या, कारण आवारात कॅमेरा नेता येत नाही. रात्री आत्यांकडे पोहोचलो तेव्हा त्यांनी गरम पिठले-भात वाढला आणि बाबांना म्हणाल्या, "दादा, दिवसभर उन्हात उभा राहिलास, आता तरी पाठ टेक." बाबा मात्र पानावर बसूनही ईराला छिन्नी आणि टाकीतला फरक सांगत होते.

दुसरा दिवस : रविवार

पावणेसातला गेटवेपाशी हजर होतो. दुसऱ्या दिवशीच्या बंदोबस्तामुळे पिशव्या दोनदा तपासल्या गेल्या आणि तिपाई आत नेऊ दिली नाही, तेव्हा सुहासने कठड्यावर दप्तर ठेवून त्यावर कॅमेरा टेकवला. पिवळ्या बेसॉल्टची ही कमान विटेट यांचीच. कोनशिला ३१ मार्च १९१३ ची, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चे, मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट आणि सर्वोच्च बिंदू ८३ फुटांवर. धुरक्यामुळे सूर्य लाल बिल्ल्यासारखा वर आला आणि त्याच्याकडे डोळे रोखून पाहता येत होते. अशा मऊ उन्हात कमानीच्या बाजूच्या जाळ्यांची नक्षी उठून दिसली.

परंतु माझे मन होते मागच्या ताजमहाल हॉटेलकडे. गेटवेच्या वीस वर्षे आधी, १९०३ मध्ये ते उघडले. त्याचा आराखडा सुरू केला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांनी. त्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते काम पूर्ण केले. हेच सीताराम खंडेराव त्यापूर्वी व्हीटीच्या बांधकामावर स्टीव्हन्स यांचे साहाय्यक अभियंता होते. म्हणजे व्हीटीचा घुमट चढताना ज्या मराठी माणसाने रोज उभे राहून पाहिला, त्याच्याच मनातून पुढे ताजचा मधला तांबूस घुमट आला. शाळेच्या पुस्तकांत स्टीव्हन्स येतात, विटेट येतात. वैद्य यांचे नाव माझ्या इयत्तेला कुणी सांगितले नव्हते, आणि ईराच्या इयत्तेलाही सांगितलेले नाही. मी दोन्ही घुमटांचे फोटो मुद्दाम एकाच लेन्सने, एकाच प्रमाणात काढले, म्हणजे ते शेजारी ठेवून पाहता येतील.

तेथून रीगल चित्रपटगृह. १९३३ च्या या डेको इमारतीचे वास्तुविशारद चार्ल्स स्टीव्हन्स, व्हीटीकर्त्या स्टीव्हन्स यांचे चिरंजीव. वडील दगडात मोर आणि पाने कोरून घेतात आणि मुलगा त्याच शहरात सारी नक्षी उतरवून गुळगुळीत भिंती उभ्या करतो, हा एका घरातल्या दोन पिढ्यांमधला बदल ईराला फार भावला.

काळा घोड्याजवळच्या १८७० च्या डेव्हिड ससून ग्रंथालयापुढे तिने उत्तर आधीच ठरवले होते, "मालाड!", आणि ते बरोबर होते. शेजारच्या एस्प्लनेड मॅन्शनला, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलला, ती फसली, कारण ते मुळात ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचे. तो सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून बोटीने आणला आणि येथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी हिंदुस्थानातला पहिला चित्रपटाचा खेळ याच वास्तूत झाला. पुढे एका जुन्या व्यापारी इमारतीच्या दारावरची कमान टिपत असता रखवालदाराने आम्हाला फूटपाथवरूनही फोटो काढू दिला नाही. त्याला वरून तसा हुकूम असावा. ईराने मात्र चित्रवही काढली आणि समोरच्या पायरीवर बसून ती कमान माथ्याच्या मधोमध बसणाऱ्या कळीच्या दगडासकट रेखाटली, आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही.

हॉर्निमन सर्कलची वर्तुळाकार इमारतमाला १८७२ ची. तिच्या कमानींच्या कळीच्या दगडांवर दाढीवाले चेहरे आहेत आणि बाबांच्या मते त्यांतले कोणतेही दोन सारखे नाहीत. आम्ही नऊ पाहिले तोवर तरी त्यांचे म्हणणे खरे ठरले. समोर एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, १८३३ चा, तीस पायऱ्यांचा, डोरिक खांबांचा. त्या पायऱ्यांवर बसूनच डबे उघडले. आत्यांनी दिलेल्या थालीपीठांना बारा वाजता जी चव होती ती कोणत्याही हॉटेलात मिळाली नसती. उन्हे कलल्यावर खांबांच्या सावल्या पायऱ्यांवर न पडता आतल्या भिंतीवर पडू लागल्या आणि खांब सुटे, गोल, भरीव दिसू लागले. सकाळी येथे आलो असतो तर हा गोलपणा दिसलाच नसता.

साडेचारला व्हीटी. ज्या प्रश्नासाठी हा सारा प्रवास, त्याचे उत्तर येथे होते. फाटकाच्या दोन खांबांवर एक सिंह आणि एक वाघ, ब्रिटन आणि हिंदुस्थान यांची प्रतीके म्हणून, हे मला निदान ऐकून ठाऊक होते. आता लेन्समधून एकेक खांबाचा माथा पाहत गेलो. माकडे, खारी, मोर, पानांत दडलेले पक्षी. हे कोरीवकाम जवळच्याच सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केले. एका खांबाच्या माथ्याशी ईरा जवळजवळ अर्धा तास उभी होती. तेथे एक खार दोन्ही पुढच्या पायांत काहीतरी धरून कुरतडते आहे आणि तिची शेपटी वरच्या पानाच्या कडेला अशी टेकली आहे की शेपटी कुठे संपते आणि पानाची शीर कुठे सुरू होते ते पटकन सांगता येत नाही. पायाखालचे एक पान तुटलेले आहे आणि तुटलेल्या जागी दगडाचा आतला रंग बाहेरच्यापेक्षा फिका आहे. "हे ज्यानं केलं त्यानं खार नुसती आठवून केलेली नाही, समोर बसून पाहिलेली आहे," असे ईरा म्हणाली, आणि वहीत तिने तीच शेपटी तीनदा काढली.

मला राहून राहून वाटते की आपण या इमारतींना 'इंग्रजांच्या' असे एका शब्दात म्हणून मोकळे होतो, आणि त्या एका शब्दाने मुकुंद रामचंद्र, सीताराम खंडेराव, जे. जे. चे ते बिननावाचे विद्यार्थी आणि कुर्ल्याच्या खाणीतले पाथरवट सारेच पुसले जातात. सत्ता इंग्रजांची होती, पैसा पुष्कळदा येथल्याच व्यापाऱ्यांचा होता, आणि छिन्नी धरणारे हात बहुतेक येथलेच होते. लांब लेन्समधून छिन्नीचे घाव दिसू लागले की हे वेगळे सांगावे लागत नाही.

दिवस मावळल्यावर दोन्ही इमारतींवर तिरंगी रोषणाई उजळली आणि चौकात एवढी गर्दी लोटली की चालणे कठीण झाले. रोषणाईचे फोटो मी थोडेच काढले. रंगीत उजेडात दगडाचा रंग मरतो. त्यापेक्षा मरीन ड्राइव्हला अर्धा तास नुसते बसून राहिलो, कॅमेरा पिशवीत ठेवून.

तिसरा दिवस : सोमवार

सकाळी चाळीच्या चौकातले झेंडावंदन आटोपून गिरगावातच पायी निघालो. ज्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तिथल्या लाकडी गॅलऱ्या, जिने आणि कठडे बाबांनी हात लावून पाहिले. सागवान होते.

खोताच्या वाडीत आम्ही कॅमेरा बंद ठेवून शिरलो. ही राहती घरे आहेत; दादोबा वामन खोत या पाठारे प्रभूंच्या जमिनीवर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांनी बांधलेली, बाहेरच्या बाजूने लाकडी जिने, पुढे ओटा, वर कौले. जुन्या घरांपैकी आता निम्मीही उरलेली नाहीत, आणि गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले तरी मागचे टॉवर दिसतात. एका ओट्यावर कुंड्यांना पाणी घालणाऱ्या वृद्ध बाईंना मी विचारले, "मावशी, घराचा एक फोटो काढला तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "घराचा काढ, पण आत लेन्स घालू नको. आणि जिन्याचा नीट काढ, माझ्या आजोबांनी बसवलाय." मी जिन्याचा फोटो गुडघ्यांवर बसून, कॅमेरा अगदी समतल धरून काढला. बाबांनी न सांगता किल्ल्यांचा ओळंबा सोडला. त्याच्या रेषेला जिना दोन बोटे कललेला निघाला. त्या बाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या की पन्नास सालच्या पावसापासून तो तसाच आहे.

दुपारच्या लोकलमध्ये ईराने मोबाइलवर फोटोंचे गट पाडले. राजाबाई टॉवरच्या पुतळ्यांपाशी ती अडली: चोवीसांपैकी अकरा. उत्तरेच्या बाजूला ऊन कधी येते, असे तिने आजोबांना विचारले. खिडकीतून कुर्ला मागे पडत असताना त्यांनी तिला सांगितले की जानेवारीत सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो, मार्चअखेर तो सरळ पश्चिमेला येतो आणि मग उत्तरेकडे सरकू लागतो, म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाच-साडेपाचला ओव्हलच्या वायव्य कोपऱ्यात उभे राहायला हवे. तिची वार्षिक परीक्षा तोवर संपलेली असेल. तारीख तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे, आणि भावाची लेन्स तोपर्यंत माझ्याकडेच राहणार आहे.